पापण्या दाट दिसाव्यात, पण डोळे शाबूत राहावेत



एप्रिल महिना आणि लग्नसराई एकत्र आली की माझ्याकडे येणाऱ्यांचं वय एकदम खाली येतं. एरवी बीपी मोजायला आज्या येतात, साखरेचा रिपोर्ट दाखवायला काका येतात. पण जयंतीच्या मिरवणुकीला पंधरा दिवस राहिले की दारात दोन-तीन पोरी एकमेकींना ढकलत उभ्या. "सिस्टरताई, एक विचारू? हसायचं नाही." मग कळतं, पापण्यांना काय लावलं म्हणजे त्या लांब होतील हा प्रश्न आहे. एकीनं एरंडेल लावून पाहिलेलं असतं, दुसरीनं मोबाईलवर बघून कांद्याचा रस. कांद्याचा रस, डोळ्याला! तिचे डोळे टोमॅटोसारखे लाल.

मी हसत नाही. नटण्यावरून पोरींना बोलणाऱ्या मोठ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना मी एवढंच आठवण करून देते की १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले, तेव्हा स्वच्छ राहा, नीटनेटकं लुगडं नेसा, हलक्या धातूचे जाडजूड दागिने टाकून द्या, हेच त्यांनी सांगितलं. आपण कसे दिसतो याचा विचार करणं हे आपल्या चळवळीला कधीच क्षुल्लक वाटलेलं नाही. तेव्हा आज या पानावर पापण्यांबद्दल लिहिते आहे, मनापासून.

आधी पापणीचा केस कसा वाढतो ते पाहू. वरच्या पापणीला साधारण शंभर ते दीडशे केस असतात, खालच्या पापणीला सत्तर-ऐंशी. वरचे आठ ते बारा मिलिमीटर लांब, खालचे त्याहून आखूड. डोक्याचा केस काही वर्षं वाढत राहतो म्हणून तो कमरेपर्यंत जातो. पापणीचा केस मात्र महिना-दोन महिने वाढतो, मग वाढ थांबते, काही महिने तो नुसता जागेवर बसून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. रोज एक ते पाच केस गळणं अगदी नेहमीचं आहे. तोंड धुताना बोटाला एक केस चिकटला म्हणून घाबरू नका.

यातून एक गोष्ट सरळ कळते. पापणी किती लांब व्हायची हे त्या वाढीच्या महिना-दोन महिन्यांवर ठरतं, आणि तो काळ आपल्याला आईबापाकडून मिळालेला असतो. बाहेरून लावलेल्या तेलानं तो वाढत नाही. एरंडेल, खोबरेल, व्हॅसलीन, कोरफड, यांपैकी कशानंही पापणी लांब होते असं सिद्ध झालेलं नाही. मग लोकांना फरक का दिसतो? तेल लागलेला केस चकचकतो, काळा दिसतो, आणि टोकाचा पातळ भुरकट भाग, जो एरवी दिसत नाही, तो दिसू लागतो. म्हणजे लांबी तीच, नजरेला जास्त. एवढ्यावर समाधान असेल तर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात रात्री पापणीच्या केसांवर फिरवायला हरकत नाही. केसांवर, डोळ्यात नाही. एरंडेल लावायचंच असेल तर बाटलीत बोट बुडवू नका, थेंब वेगळा काढून घ्या. डोळा धूसर झाला किंवा पापणीच्या कडेला पुळी आली तर बंद.

आणखी एक जुनी समजूत, आणि ही धोक्याची आहे. तान्ह्या बाळाच्या पापण्या कात्रीनं कापल्या की त्या दाट येतात. कापल्यानं मुळाला काही कळत नाही. टोक बोथट होतं म्हणून केस जाड वाटतो, इतकंच. मी शिकाऊ असताना एका आईनं झोपलेल्या बाळाच्या पापण्या कापायला कात्री लावली आणि बाळानं मान हलवली. बुबुळाच्या शेजारी पांढऱ्या भागावर ओरखडा आला. दोन मिलिमीटर इकडे झालं असतं तर त्या मुलीला एकच डोळा राहिला असता. ती माउली दिवसभर वॉर्डच्या पायरीवर बसून होती, कोणाशी बोलली नाही. ती वाईट आई नव्हती. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या आईनं.

तान्ह्यांच्या काजळाचंही इथेच सांगते. दृष्ट लागू नये म्हणून तीट आणि डोळे मोठे व्हावेत म्हणून काजळ. दृष्ट वगैरे काही नसतं हे आपण बौद्ध घरांनी तरी सोडून द्यायला हवं होतं, पण बारशाला पाहते तर बाळाचे डोळे भरून काजळ. डोळ्याचा आकार हाडांच्या खोबणीनं ठरतो, काजळानं नाही. दिव्यावर ताट धरून केलेली काजळी घरची असली तरी ती लावणारं बोट घरभर फिरलेलं असतं, नखात मळ असतो. बाळाच्या डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी अगदी बारीक असते, ती तुंबते, डोळा सारखा चिपडतो. आणि बाजारातला सुरमा तर अजिबातच नको. सुरम्याचा दगड बऱ्याचदा शिशाचं खनिज असतो. बाळ डोळे चोळतं, तेच हात तोंडात घालतं, आणि शिसं पोटातून रक्तात जातं. शिसं मुलाच्या मेंदूवर परिणाम करतं, शिकण्याची ताकद कमी करतं. ज्या घरानं उपाशी राहून पोरांना शाळेत घातलं, त्या घरानं हे करू नये.

मोठ्या बायकांनी काजळ लावावं का? लावावं. मीही लावते. चांगल्या कंपनीची पेन्सिल, वेष्टणावर परवाना क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख असलेली. आणि प्रत्येकीची स्वतःची. हे शेवटचं मी स्वतः शिकले ते असं. नर्सिंगच्या हॉस्टेलला आम्ही खोलीत सहा जणी होतो आणि सहा जणींत एकच काजळाची डबी. एकीचे डोळे आले. आठ दिवसांत सहाही जणी काळे चष्मे लावून बसलो. मेट्रननं वॉर्डात यायला बंदी केली आणि एक प्रात्यक्षिक परीक्षा हुकली. जंतूंचा धडा आम्ही पुस्तकात वाचलेला होता. डबी मात्र 'आपल्यातली' होती ना! तुम्हाला २०२३ चा जुलै आठवत असेल. आळंदीच्या शाळांमधल्या मुलांत डोळे येण्याची साथ सुरू झाली आणि बघता बघता आपल्या जिल्ह्यात पसरली. तपासणीत ॲडिनोव्हायरस निघाला. हा विषाणू टॉवेल, उशी, हात आणि काजळाच्या डबीवरून फिरतो. मावळात पावसाळा लांबतो, कपडे-टॉवेल चार दिवस वाळत नाहीत, म्हणून आपल्याकडे तर जास्तच जपायला हवं. ज्या दिवशी डोळे येतील त्या दिवशी वापरात असलेलं काजळ आणि मस्कारा कचऱ्यात. पैसे वाया गेले असं वाटतं, पण तीच कांडी पुन्हा लावली की आजार पुन्हा.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. त्या दिवसापुरत्या पापण्या लांब आणि दाट दिसाव्यात तर काय करायचं. हे मी आमच्याच वस्तीत पार्लर चालवणाऱ्या एका मुलीकडून शिकले, तिनं माझ्यावरच करून दाखवलं.

तोंड धुऊन पापण्या पूर्ण कोरड्या करायच्या. तेल राहिलं असेल तर पुढचं काहीच टिकत नाही. पापण्या वळवायचा कर्लर असेल तर तो मस्कारा लावायच्या आधी वापरायचा, नंतर कधीच नाही, कारण मस्कारानं केस कडक होतात आणि कर्लरमध्ये मोडतात. पापणीच्या मुळाशी हलकेच धरायचं, पाच-सात सेकंद मोजायचे, सोडायचं, मग चिमटा जरासा टोकाकडे सरकवून पुन्हा एकदा. सरळ पापणी समोरून आखूड दिसते, तीच वर वळली की लांब दिसते. खरं सांगायचं तर लांबीचा निम्मा खेळ या वळवण्यात आहे. कर्लरच्या रबराची पट्टी झिजली असेल तर पत्र्याच्या कडेनं केस कापले जातात, ते बघून घ्या. कर्लर नसेल तर चमचा कोमट पाण्यात बुडवून पुसून त्याच्या कडेवर पापणी दाबतात. चालतं. पण चमचा आधी मनगटावर लावून बघा, आणि गॅसवर तापवायचा नाही.

मग मस्कारा. बाटलीत कांडी वरखाली पंपासारखी मारू नका, आत हवा जाते आणि माल लवकर सुकतो, जंतूही जातात. कांडी बाहेर काढताना तोंडाशी पुसून जादाचा थर काढायचा. खाली बघायचं, कांडी मुळाशी टेकवून डावी-उजवी जराशी हलवायची आणि तशीच हलवत टोकापर्यंत न्यायची. मुळाशी रंग जास्त राहिला की पापणी दाट दिसते, टोकाला जास्त राहिला की लोंबते. एक पातळ थर, अर्धा मिनिट थांबा, दुसरा पातळ थर. जाड एकच थर लावला तर केस एकमेकांना चिकटून पाच-सहा काट्या दिसतात. खालच्या पापणीला कांडीवर उरलेलं असेल तेवढंच. दोन थरांच्या मधे थोडी पावडर लावायची युक्ती काही जणी सांगतात. मी ती सांगत नाही, कारण पावडरचा कण डोळ्यात गेला की सगळा मेकअप वाहून जातो.

शेवटी काजळाची पेन्सिल वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांमधे, बाहेरच्या बाजूनं, ठिपके ठिपके द्यायची. सलग रेघ नको. ठिपक्यांमुळे केसांमधली रिकामी जागा भरते आणि पापणी दाट वाटते. डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेवर ओढू नका. त्या कडेला तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात. ती बुजली की डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि रांजणवाडी उठते.

मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, संपलेला नसला तरी. उघडलेल्या दिवशी बाटलीवर तारीख लिहून ठेवा. सुकला म्हणून त्यात पाणी घालायचं नाही, आणि थुंकी तर नाहीच. माझ्या लहानपणी नाटकवाली मंडळी वडीचा मस्कारा थुंकी लावून वापरायची, म्हणून हा जपून सांगितलेला निरोप. चालत्या रिक्षात, लोकलमधे लावू नका. तळेगाव ते पुणे लोकलच्या धक्क्यात कांडी बुबुळावर गेली तर ओरखड्यातून जखम चिघळते.

झोपायच्या आधी काढणं हे लावण्याइतकंच महत्त्वाचं. कापसावर खोबरेल घ्यायचं, मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसतं धरून ठेवायचं, मग वरून खाली पुसायचं. चोळायचं नाही. चोळण्यानं जितक्या पापण्या तुटतात तितक्या कशानंच तुटत नाहीत. मग साबणाच्या सौम्य पाण्यानं चेहरा धुवायचा.

फुलांच्या पॉलिहाऊसमधे कामाला जाणाऱ्या आपल्या बहिणी बऱ्याच आहेत. कामावर जाताना मस्कारा लावू नका. आत घाम येतो, औषध फवारलेल्या झाडांना हात लागतो आणि डोळ्यात घाम-मस्कारा उतरला की तोच हात डोळ्याला जातो.

नकली पापण्यांबद्दल पोरी हमखास विचारतात. एका संध्याकाळपुरती पट्टी लावायची असेल तर आधी तिचा गोंद कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. लाल झालं, खाज आली तर तो गोंद आपल्यासाठी नाही. काढताना ओढायची नाही, तेलानं सैल करायची. पार्लरमधे एकेका केसाला केस चिकटवून देतात, त्याचा गोंद कडक असतो, त्याची वाफ डोळ्याला झोंबते, आणि वजनानं मूळचा केस गळतो. ज्यांनी सारखं लावून घेतलं त्यांच्या मूळच्या पापण्या विरळ झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि मग त्या झाकायला पुन्हा तेच. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ मधे एक गमतीचा अभ्यास छापला होता. बावीस प्रकारच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, तर पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशाच्या आसपास निघाली. मग हवेच्या बोगद्यात प्रयोग केला. त्या मापाच्या पापण्या डोळ्याला वाऱ्यापासून आणि धुळीपासून वाचवतात, आणि त्याहून लांब झाल्या की उलट हवा डोळ्याकडे वळवतात, डोळा लवकर कोरडा पडतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांना धुळीचं वेगळं सांगायला नको.

केसांचा कलप किंवा काळी मेहंदी पापण्यांना, भुवयांना कधीही लावू नका. हे मी ठळक सांगते. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या रंगवायचा 'लॅश ल्युअर' नावाचा माल निघाला होता. त्यात कलपातलं रसायन होतं. काही बायकांचे डोळे गेले, एक बाई दगावली. त्या प्रकरणाचा बोभाटा होऊन तिथे १९३८ मधे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला. तेच रसायन, त्याचं छोटं नाव पीपीडी, आपल्याकडच्या कलपात आणि काळ्या मेहंदीच्या पुड्यात आजही असतं. डब्यावर बारीक अक्षरात 'भुवया-पापण्यांना लावू नये' असं छापलेलं असतं, वाचा.

पापण्या खरोखर वाढवणारं एक औषध मात्र आहे. त्याबद्दल अर्धवट माहिती फिरते म्हणून नीट सांगते. काचबिंदूच्या रुग्णांना डोळ्यातला दाब कमी करायला बायमॅटोप्रॉस्ट नावाचे थेंब देतात. ते घालणाऱ्यांच्या पापण्या लांब, जाड, काळ्या होताना डॉक्टरांना दिसल्या. डिसेंबर २००८ मधे अमेरिकेत पापण्यांसाठी म्हणून त्याला परवानगी मिळाली. त्यानं वाढीचा तो महिना-दोन महिन्यांचा काळ लांबतो. पूर्ण फरक दिसायला चार महिने लागतात आणि बंद केलं की पापण्या हळूहळू पहिल्यासारख्या. पण पापणीची कातडी काळवंडते, डोळे लाल होतात, खाजतात. बुबुळाचा रंग गडद झाला तर तो परत फिरत नाही. डोळ्याभोवतीची चरबी झडून डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात. गरोदरपणात नको. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय मेडिकलमधून आणायचं नाही. 'पापणी सिरम' नावाच्या महागड्या बाटल्यांतही कधी कधी याच जातीची रसायनं असतात, म्हणून घटक न लिहिलेली बाटली घेऊच नका.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. पापण्या कमी दिसतात आणि पापण्या कमी झाल्या, यात फरक आहे. पहिल्याला मस्कारा, दुसऱ्याला दवाखाना.

काही वर्षांपूर्वी एक ताई माझ्याकडे आल्या. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्यांना चांगला गोंद कुठला ते विचारायचं होतं. नकली पापण्या त्या रोज लावत होत्या, घरात स्वयंपाक करतानासुद्धा. का, विचारलं तर म्हणाल्या, आपल्या गळाल्या, नवरा टोमणे मारतो. मी पट्टी काढायला लावली. भुवयांचा कानाकडचा भागही विरळ, आणि पेन्सिलनं भरलेला. कानाच्या पाळ्या जाडसर, कातडी तेलकट चमकणारी. हाताला चटका बसलेला जुना डाग होता. विचारलं, भाजलं तेव्हा ओरडलात का? म्हणाल्या, कळलंच नाही. मी चहा करायला उठले, कारण माझा चेहरा त्यांना दिसायला नको होता.

कुष्ठरोग होता. त्याच्या एका प्रकारात भुवया आणि पापण्या झडतात. आम्ही दोघी मिळून सरकारी दवाखान्यात गेलो. बारा महिने औषधाच्या पट्ट्या, सगळ्या मोफत. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होणं थांबतं, म्हणून घरातून बाहेर काढायचं, ताट वेगळं करायचं, असलं काही करावं लागत नाही. विटाळाचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको, तोच आपण आजाऱ्यावर उलटवायचा का, हे मी त्यांच्या घरी जाऊन सासऱ्यांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग सुनेला पाणी मागितलं, तिच्याच हातचं. ताई आज बऱ्या आहेत, हाताची बोटं शाबूत आहेत, कामाला जातात. पापण्या मात्र पुरत्या आल्या नाहीत. दोन वर्षं आधी आल्या असत्या तर कदाचित आल्या असत्या. ती दोन वर्षं त्यांनी गोंदावर काढली.

सगळ्यांच्या गळणाऱ्या पापण्या कुष्ठरोगाच्या नसतात, बहुतेकींच्या नसतातच. बहुतेक वेळा पापणीच्या मुळाशी कोंडा असतो, कडा लाल, सकाळी डोळे चिकटलेले. त्याला कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं, मग लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब कपभर कोमट पाण्यात घालून त्यात बुडवलेल्या कापसानं कडा पुसायच्या, सकाळ-संध्याकाळ. दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. थायरॉईड कमी पडल्यावर भुवयांची बाहेरची टोकं झडतात, सोबत थकवा, वजन, पाळीची गडबड. चाई लागली तर पापणीत गोल रिकामी जागा पडते. आणि परीक्षेच्या किंवा घरातल्या भांडणांच्या ताणानं काही मुली नकळत स्वतःच पापण्या उपटतात. अशा मुलीला रागावू नका, हात बांधू नका. तिला बोलतं करा, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. केस पुन्हा येतात. कॅन्सरच्या औषधांनी गेलेल्या पापण्याही उपचार संपल्यावर बहुतेक वेळा परत येतात, तोवर ठिपक्यांची पेन्सिल आहेच.

म्हाताऱ्या माणसांत उलट तक्रार असते, पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचतात. खुपऱ्यांचा आजार हे त्याचं एक जुनं कारण. २०२४ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात खुपऱ्यांचा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही असं जाहीर केलं, पण आधी होऊन गेलेल्यांच्या पापण्या आजही आत वळलेल्या असतात. आजीच्या डोळ्यातलं 'कुसळ' घरी चिमट्यानं उपटत बसू नका. ते तसंच पुन्हा येतं आणि बुबुळावर फूल पडतं. छोट्या शस्त्रक्रियेनं सुटतं.

पार्लरचा कोर्स केलेल्या माझ्या पोरींनो, तुमच्यासाठी दोन ओळी. गिऱ्हाइकागणिक हात साबणानं धुवा, मस्काराची कांडी वेगळी आणि एकदाच वापरायची ठेवा, चिमटा-कर्लर स्पिरिटनं पुसा. आणि खुर्चीत बसलेल्या बाईच्या भुवया-पापण्या झडलेल्या दिसल्या, अंगावर बधिर चट्टा दिसला, तर गोंद लावायच्या आधी तिला एवढंच विचारा, 'ताई, इथं चिमटा काढलेला कळतो का?' वस्तीतल्या आशाताईचा नंबर भिंतीवर आरशाशेजारी लावून ठेवा. तळेगावात ग्रामीण रुग्णालय आहे, डोळ्यांची आणि कातडीची तपासणी तिथे होते. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात थांबते, येताना आधार कार्ड घेऊन या म्हणजे सोमवारी सोबतच जाऊ.